क्रूझ बुकिंगचा घोळ निस्तरताना कोण किती कामाचं

मुंबईत क्रूझ विकणारे पुष्कळ, बिघडलेलं बुकिंग दुरुस्त करून देणारे थोडे. विकताना बाल्कनीचे फोटो, बुफेचे फोटो, मुलांच्या घसरगुंड्या असं सगळं मिनिटभरात व्हॉट्सॲपवर येतं. मग नाव चुकतं, केबिन भलतीच मिळते किंवा पैसे भरूनही कंपनीच्या ॲपवर बुकिंग सापडत नाही. अशा वेळी एजंट म्हणतो, "कंपनीकडून उत्तर आलं नाही," आणि कंपनी म्हणते, "तुमच्या एजंटशी बोला." या परीक्षणात जहाजावरचं जेवण-गाणं नाही. घोळ झाल्यावर कोणाची सेवा किती उपयोगी पडते, एवढंच पाहिलं आहे.

आधी साखळी समजून घेतलेली बरी. दादर किंवा बोरिवलीच्या एजंटकडून सिंगापूरची क्रूझ घेतली, तरी तो स्वतः क्रूझ कंपनीच्या सिस्टिममध्ये शिरतोच असं नाही. बऱ्याचदा तो एखाद्या होलसेलरच्या पोर्टलवरून खोली उचलतो. धंद्यातल्या भाषेत हे बी-टू-बी. होलसेलर ती कंपनीच्या भारतातल्या प्रतिनिधीकडून घेतो, म्हणजे जीएसए किंवा पीएसएकडून. तुम्ही आणि जहाज यांच्यामध्ये असे दोन-तीन हात असतात. कंपनीच्या संगणकात मात्र एकाच एजन्सीचा कोड असतो आणि बुकिंग त्या कोडच्या मालकीचं. बदल करायचा, रद्द करायचं, परतावा मागायचा, तर कॉल सेंटर फक्त त्या एजन्सीचं ऐकतं. प्रवाशाला ते फार तर जहाज, तारीख आणि नाव बरोबर आहे का एवढं सांगतं. तुमचा एजंट हा त्या कोडचा मालक नसेल तर तोही तुमच्यासारखाच रांगेत उभा आहे.

म्हणून आमची पहिली कसोटी एका प्रश्नाची: "हे बुकिंग कोणत्या एजन्सीच्या कोडवर आहे?" चांगला एजंट होलसेलरचं नाव लगेच सांगतो. "ते आमचं अंतर्गत आहे, टेन्शन घेऊ नका" असं उत्तर आलं तर टेन्शन घ्यावं.

दुसरी कसोटी कागदाची. एजंट स्वतःच्या लेटरहेडवर व्हाउचर देतो. ते देखणं असतं, पण कंपनीच्या दृष्टीनं त्याला काही अर्थ नसतो. मागायची ती कंपनीनं काढलेल्या कन्फर्मेशनची गेस्ट कॉपी. एजंटच्या प्रतीवर कमिशनचे आकडे असतात म्हणून ती द्यायला तो कचरतो, ते ठीकच; गेस्ट कॉपीवर ते नसतात, तेव्हा ती नाकारायला कारण नाही. त्यावर पाच गोष्टी पाहा: बुकिंग क्रमांक, स्टेटस, केबिनची कॅटेगरी, जमा झालेली रक्कम आणि अंतिम पैसे भरायची तारीख. मग तो क्रमांक, आडनाव आणि सुटायची तारीख कंपनीच्या साइटवर किंवा ॲपमध्ये घालून बघा. बुकिंग उघडलं तर ते जिवंत आहे. एजंटच्या बुकिंगची रक्कम काही साइट्स प्रवाशाला दाखवत नाहीत, त्यामुळे आकडा दिसला नाही म्हणून घाबरू नका. स्टेटस दिसलंच पाहिजे.

स्टेटसमध्येच निम्मे घोळ दडलेले असतात. "सीट पकडून ठेवलीय" म्हणजे ऑप्शन किंवा होल्ड. डिपॉझिट ठराविक मुदतीत भरलं नाही तर सिस्टिम ती खोली स्वतःहून सोडून देते. तुम्ही एजंटला शनिवारी पैसे दिले, त्यानं होलसेलरला सोमवारी पाठवले आणि मुदत रविवारी रात्री संपत होती, की खोली गेली. पुन्हा घेताना दर नवा. हा फरक कोणी सोसायचा यावर जे भांडण होतं, त्यात तुमच्या पैशांची तारीख-वेळ दाखवणारी पावती हाच पुरावा. "कन्फर्म झालं" या तोंडी शब्दाला पुढे कोणी विचारत नाही.

"गॅरंटी" या शब्दानं जितकी माणसं फसतात तितकी दुसऱ्या कशानं फसत नसतील. मराठी कानाला गॅरंटी म्हणजे पक्की खोली. क्रूझच्या भाषेत अर्थ जवळजवळ उलटा: कंपनी फक्त कॅटेगरीची हमी देते, खोली तिच्या सोयीनं आणि अनेकदा अगदी शेवटी देते. कन्फर्मेशनवर केबिन क्रमांकाच्या जागी जीटीवाय लिहिलेलं असतं. ती डिस्कोच्या खाली, लिफ्टच्या तोंडाशी किंवा जहाजाच्या पुढच्या टोकाला आली तरी तक्रारीला जागा नाही. भाडं स्वस्त असतं ते याचसाठी. दोन केबिन शेजारी हव्या असतील, आई-वडिलांना मधल्या डेकवर कमी हलणारी खोली हवी असेल, तर गॅरंटी घेऊच नये. एजंटनं क्रमांकाची केबिन विकून आत गॅरंटीचं भाडं लावलं असेल, तर त्याचा मेसेज आणि गेस्ट कॉपी शेजारी ठेवा. अशी केस एजंट बहुधा फरक भरून मिटवतो, कारण चूक कोणाची हे दोन कागदांतच दिसतं.

नावांचा घोळ तर खास आपला. महाराष्ट्रातल्या अनेक पासपोर्टांवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. एजंट घाईत पहिलं नाव आणि आडनाव एवढंच टाकतो. आधारवर लग्नानंतरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं, हाही नेहमीचा प्रकार. कंपन्या यात दोन गोष्टी वेगळ्या धरतात: स्पेलिंगची दुरुस्ती आणि माणूस बदलणं. पहिली वेळेत सांगितली तर बहुधा फुकट होते. दुसरी अंतिम पैसे भरल्यानंतर रद्द करून नवं बुकिंग केल्यासारखी धरली जाऊ शकते. म्हणून ईमेलमध्ये "नाव बदला" असं लिहू नका. "पासपोर्टप्रमाणे नावाची दुरुस्ती करा" असं लिहा, पासपोर्टचं पहिलं पान जोडा आणि चुकीचं व बरोबर नाव एकाखाली एक टाका. हे सगळं प्रवाशांची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, बंद व्हायच्या आत. नंतर बॅलार्ड पिअरच्या नव्या टर्मिनलवर, काउंटरपाशी उभं राहून, एजंटला फोन लावण्यात अर्थ नसतो.

जन्मतारखेचंही तसंच. ०५/०८ हे आपल्याकडे पाच ऑगस्ट, अमेरिकन सिस्टिममध्ये आठ मे. मोठ्यांचं फारसं बिघडत नाही. तान्ह्या बाळाला मात्र अनेक जहाजांवर किमान सहा महिन्यांची अट असते, लांबच्या सफरींना त्याहून जास्त, आणि तिथे या तीन महिन्यांवरून बाळाला चढू देत नाहीत. महिना अक्षरांत लिहून पाठवावा, प्रश्नच मिटतो.

आणखी एक खोड: दर काढायला तिघा एजंटांना पासपोर्टच्या प्रती पाठवणं. दोघांनी खऱ्या नावांनी होल्ड टाकले की एकाच जहाजावर, एकाच तारखेला, त्याच माणसांची दोन बुकिंगं होतात. अनेक कंपन्यांची सिस्टिम ती डुप्लिकेट म्हणून पकडते आणि त्यातलं एक उडवते. उडालेलं नेमकं पैसे भरलेलं असू शकतं. दर विचारताना वयं पुरेत, पासपोर्ट ठरल्यावर द्या.

"आजीला नंतर ॲड करू" हेही ऐकू नये. केबिनमध्ये चौथा बेड असला तरी त्या भागाच्या लाइफबोटची क्षमता भरली असेल तर सिस्टिम चौथं नाव घेत नाही. इथे एजंट, होलसेलर, कंपनी, कोणीच काही करू शकत नाही.

आता सेवेचा हिशोब. कोपऱ्यावरचा एजंट रात्री दहाला फोन उचलतो, घरी येऊन व्हिसाचे कागद घेऊन जातो. माणूस म्हणून पाचात चार. पण बुकिंगच्या कोडची चावी त्याच्याकडे नसते आणि प्रत्येक बदलाला दोन-तीन दिवस जातात. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास आहे; तिथलं सहाला बंद होणारं ऑफिस आपल्या साडेतीनला बंद. शुक्रवारी दुपारी चारला पाठवलेली दुरुस्ती सोमवारीच वाचली जाते. हे ज्याला माहीत आहे तो एजंट सकाळीच मेल टाकतो.

मोठ्या टूर कंपन्या केबिनचा गठ्ठा आधीच उचलून ठेवतात. चावी त्यांच्याकडे असते, म्हणून नावाच्या चुका तिथे लवकर सुटतात. उलट बाजू अशी की गठ्ठ्यातल्या बुकिंगला कंपनीचे रद्द करायचे नियम न लागता टूर कंपनीच्या करारातले लागतात आणि ते बहुधा कडक असतात. नंतर निघालेली स्वस्ताईही मिळत नाही. पाचात तीन.

ऑनलाइन पोर्टलं विमानात मुरलेली, क्रूझमध्ये कच्ची. चॅटवर उत्तर देणाऱ्याला जीटीवाय म्हणजे काय हेही समजावून सांगावं लागतं. पाचात दोन, तेही पावती चोख येते म्हणून.

क्रूझ कंपनीशी थेट बुकिंग केलं तर मधले हात जातात, प्रत्येक बदल स्वतः करता येतो. परदेशी कंपनी असेल तर कार्डावर परकीय चलनाचं शुल्क लागतं, फोनवर इंग्रजीत किल्ला लढवावा लागतो आणि व्हिसा तुमचा तुम्ही बघायचा. थेट केलेलं बुकिंग काही मुदतीत, पूर्ण पैसे भरायच्या आधी, एजंटकडे सोपवता येतं. एका एजंटकडून दुसऱ्याकडे न्यायचं तर पहिल्यानं लेखी सोडावं लागतं, आणि तो सहजासहजी सोडत नाही.

व्हिसा आणि बंदरांवर दोन ओळी. ग्रीस-तुर्की अशी सफर असेल तर जहाज शेंगेनबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, जाऊन परत येतं. एकदाच प्रवेश देणारा सिंगल एंट्री व्हिसा चालत नाही. सिंगापुरातही क्रूझची टर्मिनलं दोन आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. व्हाउचरवर नुसतं "सिंगापूर" असेल तर ते परत पाठवून नाव लिहून घ्या. देशातल्या सफरींतही कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज पावसाळ्यात चेन्नईकडे जात आलं आहे. मे-जूनच्या तारखांना सुटायचं बंदर कोणतं ते गेस्ट कॉपीवरच वाचावं, जाहिरातीत नाही.

पैशांची वाट नीट कळली तर अर्धा मनस्ताप वाचतो. कंपनी परतावा देते तो ज्यानं पैसे भरले त्याला. होलसेलरच्या खात्यातून भरले असतील तर तिथेच जातो, मग एजंटकडे, मग तुमच्याकडे. "रिफंड प्रोसेसमध्ये आहे" असं ऐकू आलं तर विचारा: कंपनीनं कोणत्या तारखेला सोडला, कोणाच्या खात्यात, किती? त्या तारखेचा कागद मागा. रुपयांतला फरक टाळायचा तर बुकिंगच्या दिवशीच चलनाचा दर, ज्याला एजंट आरओई म्हणतात, लेखी घ्या.

एजंट आपणहून क्वचितच सांगतात अशी गोष्ट: अगदी शंभर टक्के भाडं बुडालं तरी पोर्ट टॅक्स, सरकारी फी आणि आधी भरलेल्या टिप्स बहुतेक कंपन्या परत करतात, कारण तुम्ही चढलाच नाहीत. समजा दोघांचे १,४०,००० भरले आणि त्यात ही रक्कम २८,००० होती. "नॉन-रिफंडेबल आहे काका" म्हणून फाइल बंद झाली तर २८,००० कोणाच्या तरी खात्यात पडून राहतात. भाडं, पोर्ट टॅक्स, टिप अशी फोड पहिल्याच दिवशी मागून ठेवा.

तोंडी बोलून हलत नसेल तर एकच मेल लिहा: एजंटला, आणि प्रत त्याच्या होलसेलरला व कंपनीच्या भारतीय प्रतिनिधीला. विषयात बुकिंग क्रमांक, जहाज, तारीख. मजकुरात चूक एका वाक्यात, दुरुस्ती एका वाक्यात, उत्तराची मुदत दिवसासकट. कैफियत नको. होलसेलर तुमच्याशी बोलणार नाही, पण प्रत गेल्यावर एजंटचा फोन नक्की येतो.

कार्डानं पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेली रक्कम उलटी वळवून, मागता येतो. स्टेटमेंटवर नाव कोणाचं आहे ते आधी बघा. तक्रार त्याच्यावरच होते. मुदत बहुधा १२० दिवसांच्या आसपासची. पण सफर करायचीच असेल तर हे हत्यार काढू नका, वादात गेलेलं बुकिंग कंपनी रद्द करू शकते. एनईएफटी किंवा रोखीनं दिलेल्यांना ही वाटच नाही.

पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, मोठ्या कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीला उत्तर देतात. कोपऱ्यावरचा एजंट देईलच असं नाही. तिथे मुंबई ग्राहक पंचायतीचा सल्ला जास्त उपयोगी. त्याउपर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते, विक्रेता दिल्लीत असो की सिंगापुरात. मोबदला, म्हणजे तुम्ही भरलेली किंमत, ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोगच ऐकतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची. एजंट आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि दुसरा आयोगासमोर नसतो.

परतावा आला की टीसीएस वेगळा मोजा. परदेशी पॅकेजवर एजंटनं वसूल केलेला हा कर एकदा सरकारजमा झाला की त्याच्याकडून तो परत मिळणं अवघड. तो तुमच्या पॅनवर २६एएस या आयकर खात्याच्या करनोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरताना मागायचा असतो. २६एएसमध्ये तो दिसतच नसेल, तर एजंटनं तो भरलेला नसण्याची शक्यता आहे, आणि वरच्या मेलमध्ये आणखी एक वाक्य वाढवायचं.