घर सोडताना रंग: स्वतः मारून द्यावा की डिपॉझिटमधून कापू द्यावा?

घर सोडायची नोटीस दिली की ओनरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'मग रंगाचं कसं करताय?' पुण्यात याची दोनच उत्तरं चालतात. एक तर आपणच पेंटर आणून घर रंगवून द्यायचं, नाहीतर 'काय ते कापून घ्या' म्हणून उरलेलं डिपॉझिट घेऊन निघायचं. मी दोन्ही केलं आहे. कोथरूडच्या जुन्या इमारतीतलं घर रंगवून दिलं, वाकडचा फ्लॅट सोडताना रक्कम कापू दिली. ज्यांचं सामान बांधून होत आलंय, त्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा.

कागदावर भाडेकरूची बाजू वाटते तेवढी लंगडी नसते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 म्हणतं, की जागा मिळाली तशी परत द्या, वाजवी झीज सोडून. पण ते कलम भाडेपट्ट्याचं; आपलं 11 महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेपट्टा नव्हे, नुसता राहण्याचा परवाना, त्यामुळे खरा आधार अॅग्रीमेंटचाच. पण ऑनलाइन नोंदणीच्या तयार मसुद्यातही नुकसानभरपाईच्या कलमात सहसा नेहमीची झीज वगळलेली असते. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्याने तर भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाच्याच कामांत घातला आहे. अर्थात तो नमुना; राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. शिवाय डिपॉझिट ओनरच्या खात्यात असतं, तेव्हा वाद घालायला लागतो तो आपल्यालाच.

स्वतः रंगवून देण्याच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. पेंटर आपल्या ओळखीचा, भाव आपण ठरवलेला, सामानाची पावती आपल्या हातात. निव्वळ पैशांत बघितलं तर बहुधा हाच मार्ग स्वस्त पडतो. माझे काही मित्र आजही हेच करतात आणि त्यांचं काही अडत नाही.

माझं अडलं ते टच-अपपाशी. पडद्याचा रॉड काढला, खिडकीवर चार भोकं राहिली. त्यांत पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, दुकानातून त्याच शेड नंबरचा डबा आणून ब्रश फिरवला. ओला होता तोवर छान दिसला. सुकल्यावर चार ठिगळं लांबूनही उठून दिसायला लागली, कारण डबा नवा असला तरी भिंत जुनी होती. ती उन्हाने विटलेली असते, तिच्यावर उदबत्तीचे, फोडणीच्या धुराचे थर बसलेले असतात. शिवाय मूळ रंग रोलरचा आणि आपला ब्रशचा. मग पेंटर म्हणाला, ती अख्खी भिंत घेऊ. ती घेतली तर शेजारची मळकट दिसू लागली. पुढे सीलिंग.

एवढं करून ओनर आले ते सकाळी, खिडकीतून तिरपं ऊन भिंतीवर पडलेलं असताना. 'इथे पट्टा दिसतोय', 'इथे पुट्टी फुगलीय', 'एकच हात मारलाय का?' तिरप्या उजेडात कुठलीही भिंत उंचसखल दिसतेच, त्यामुळे ते खोटं बोलत होते असंही नाही. पण काम 'चांगलं झालं' हे ठरवायचं कुणी? झीज कुठे संपते आणि नुकसान कुठे सुरू होतं यावर निदान बोलता तरी येतं; रंगाच्या फिनिशिंगवर बोलणं संपतच नाही. तोवर नव्या घराचं भाडं चालू झालेलं आणि जुन्याची चावी आपल्याच खिशात. पुढचा भाडेकरू यायच्या आधी त्यांनी ते घर पुन्हा रंगवून घेतलं, हे नंतर एजंटकडून कळलं. माझा कौल तिथेच ठरला.

कापू देण्यात खोट नाही असं नाही. आकडा मोघम असतो, बिल क्वचितच दिसतं, आणि 'रंगाचे' म्हणून सुरू झालेल्या यादीत चिमणी, कमोड, दाराची कडी असं एकेक येत जातं. बंगळुरूला राहिलेल्यांना एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापायची तिथली पद्धत ठाऊक असेल. ती मला जाचक वाटते, पण निदान घर घेतानाच कळते. आपल्याकडेही आकडा घर रिकामं करायच्या आधी ठरवून व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यावा, 'रंगासह सर्व मिळून' या शब्दांत. वाकडला मी तेवढंच केलं आणि चावीबरोबर विषय मिटला.

आकडा ठरवताना एक हिशेब मांडून बघा. समजा, पूर्ण घर रंगवायला 24,000 रुपये येतात आणि रंगाचं आयुष्य 4 वर्षं धरलं. नव्या रंगाच्या घरात तुम्ही 2 वर्षं राहिलात, तर उरलेल्या 2 वर्षांचे 12,000 फार तर तुमच्याकडे निघतील. 4 वर्षं राहिलात तर काहीच नाही. तो रंग तसाही बदलायचाच होता. 'एवढी वर्षं राहिलात, मग रंग नको का?' असं जे ऐकवलं जातं, त्याच्या नेमकं उलट हे गणित आहे. सगळे ओनर मानतील असं नाही, पण शांतपणे सांगितलं तर आकडा खाली येतो, असा माझा अनुभव.

सफाईचे पैसे मात्र कापू देऊ नका. स्वच्छता दिसते, फिनिशिंगसारखा वाद तिच्यात राहत नाही. वाकड-बाणेरकडे टँकर-बोअरच्या पाण्याने नळांवर पांढरा क्षार धरतो, तो लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवलं की सुटतो. घाईने संडासातलं अॅसिड वापरलं तर क्रोमची चकाकी जाते, आणि ते खरंच नुकसान धरलं जाईल. संगमरवराला तर लिंबूसत्वही नको. ओट्यामागच्या टाइल्सचं तेल गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने निघतं. भिंती डिस्टेंपरच्या असतील तर ओल्या फडक्याने पुसू नका. बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली तर डिस्टेंपर समजा. पुसलं की तिथे डाग पडतो. डीप क्लीनिंगवाल्यांना बोलावण्याइतकं घर मळलं नसेल तर कामाच्या मावशींना जास्तीचे पैसे देऊन दोघांनी मिळून केलेलं काम मला उजवं वाटलं.

पावसाळ्यात भिंतीला ओल आली तर त्याच दिवशी फोटो ओनरला पाठवलेला असावा. सोडताना दाखवलेली बुरशी भाडेकरूच्या खात्यात जाते, जुलैत कळवलेली गळती मालकाच्या.

स्वतः रंग मारावाच असं एक प्रकरण उरतं. हौसेने एखादी भिंत गडद निळी-मरून केली असेल किंवा मुलांनी स्केचपेनने रंगवली असेल, तर ती झीज म्हणता येत नाही. तेवढी एकच भिंत घ्यायची, पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आणि खाली प्रायमरचा हात देऊन, नाहीतर स्केचपेनची शाई नव्या रंगातूनही वर येते.