लाल तेल कुठून गळतंय: पुठ्ठा, टाल्कम पावडर की यूव्ही डाय?

जुन्या ऑटोमॅटिक गाडीखाली लाल तेलाचा डाग दिसला, की "समोरचं ऑइल सील गेलं, गिअरबॉक्स उतरवा लागते भाऊ" हा निकाल अनेकदा पहिल्याच भेटीत मिळतो. तो खराही असू शकतो. पण १२३ सिरीजची मर्सिडीज असो, पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची शेवरले असो की टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्सची डॉज, गिअरबॉक्स खाली घ्यायचा तर प्रॉपेलर शाफ्ट, क्रॉसमेंबर, कूलरचे पाइप, गिअरचं लिंकेज असं सगळंच सोडवावं लागतं. चाळीस-साठ वर्षांचे नट आणि पाइप त्या खटाटोपात तुटतात. नागपुरात अशा गिअरबॉक्सवर नेहमी काम करणारे मिस्त्रीही थोडेच. म्हणून उतरवण्याला होकार देण्याआधी गळतीची जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, असा माझा आग्रह आहे. ती पाहण्याचे तीन मार्ग घरच्या पोर्चमध्ये जमण्यासारखे आहेत: गाडीखाली पुठ्ठा टाकणं, टाल्कम पावडर मारणं आणि तेलात यूव्ही डाय, म्हणजे यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग, घालणं.

कोणताही मार्ग निवडलात तरी आधी गिअरबॉक्सच्या तेलाची लेव्हल तपासा. ही पायरी वगळली तर तिन्ही मार्ग चुकीचं उत्तर देतात. ऑटोमॅटिकचं तेल इंजिन चालू ठेवून आणि गरम असताना मोजतात. १२३ मर्सिडीजमध्ये तेल सुमारे ८० अंश सेल्सियसला आलेलं हवं, लिव्हर 'पी'मध्ये (पार्क). जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांतही 'पी'. टॉर्कफ्लाइटमध्ये मात्र 'एन' (न्यूट्रल), कारण त्या गिअरबॉक्समध्ये 'पी'त असताना टॉर्क कन्व्हर्टरकडे (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) तेल जात नाही आणि गेज, म्हणजे तेल मोजायची पट्टी, खोटं दाखवतं. मर्सिडीजच्या गेजवरच्या दोन खुणांमध्ये फक्त ३०० मिलीलिटरचा फरक असतो. थंड गाडीत "कमी दिसतं" म्हणून कोणी अर्धा लिटर ओतलं, तर गरम झाल्यावर तेल वर चढतं, फिरत्या भागांत घुसळून त्याचा फेस होतो आणि ते वरच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा सुटायच्या तोंडातून, बाहेर पडतं. तिथून ओघळलेलं तेल थेट पुढचं सील गेल्यासारखं दिसतं. अशा गाडीला सील लागत नाही, जास्तीचं तेल काढावं लागतं.

मग तेलाची ओळख पटवा. पांढऱ्या कागदावर थेंब घ्या. लाल असेल तर ते ट्रान्समिशनचं असेलच असं नाही. जुन्या मर्सिडीजमध्ये आणि बऱ्याच अमेरिकन गाड्यांमध्ये पॉवर स्टिअरिंगमध्येही हेच लाल तेल असतं. स्टिअरिंगची टाकी उतरतेय का, ते बघा. थेंब तपकिरी असेल तर इंजिनच्या मागच्या सीलचाही संशय येतो, पण जुनं, जळकट वासाचं ट्रान्समिशन तेलही तपकिरीच दिसतं. डाग कुठेच नाही, तरी लेव्हल उतरतेय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, असं असेल तर व्हॅक्युम मॉड्युलेटरचा (इंजिनच्या व्हॅक्युमवर चालणारा गिअरबॉक्सचा छोटा भाग) नळ काढून पाहा. आतला पडदा फाटला की पेट्रोल इंजिन तेल ओढून जाळतं. नळात लाल तेल दिसलं की प्रश्न मिटला. मॉड्युलेटर बाहेरून बदलता येतो.

पुठ्ठा

याला पैसे लागत नाहीत आणि हा सगळ्यांनी आधी करावा. फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्या, त्यावर चाकांच्या आणि चेंबरच्या (गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं) जागा पेनाने आखा आणि रात्रभर गाडीखाली सरकवून ठेवा. सकाळी थेंब किती, कोणत्या रंगाचे आणि साधारण कोणत्या रेषेत आहेत ते कळतं. पण थेंब पडतो सगळ्यात खालच्या टोकावरून, तेल निघतं दुसरीकडून. वर कूलरच्या पाइपचा नट सैल असेल तरी थेंब चेंबरच्या कडेवरूनच पडणार. त्यामुळे पुठ्ठा जागा सांगत नाही, सवय सांगतो.

आणि ती सवय फार बोलकी असते. नागपुरात एप्रिल ते जून जुनी गाडी शेडमध्ये झाकून ठेवण्याची पद्धत आहे, ४५ अंशांत ती कोण काढणार? एवढे आठवडे उभी राहिली की टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू चेंबरमध्ये उतरतं. चेंबरमधली लेव्हल नेहमीपेक्षा बरीच वर येते आणि एरवी कोरडं राहणारं सिलेक्टर शाफ्टचं (गिअर लिव्हरशी जोडलेला दांडा) छोटं सील तेलात बुडतं. ते कडक झालं असेल तर तिथून गळतं, चेंबरची पॅकिंगही पाझरते. गाडी चालू करून थोडी फिरवली की गळती थांबते. उभी असताना गळते आणि रोज चालवली की कोरडी राहते, ही खूण मिळाली तर गिअरबॉक्स उतरवण्याची घाई अजिबात नको. उलट, चालवून आल्यावरच टपकत असेल तर जिथे तेल दाबाखाली असतं तिकडे बघा: कूलरचे पाइप, पुढचं सील, सर्व्होचं (आतले बँड दाबणारा पिस्टन) झाकण.

पावडर

पावडरीचं खरं काम साफसफाईने होतं. गिअरबॉक्सचं बाहेरचं सगळं अंग डिग्रीझर आणि ब्रेक क्लीनरने धुऊन, पूर्ण कोरडं करून, मग टाल्कम पावडरीचा पातळ थर. इंजिन चालू करून दहा-पंधरा मिनिटं सगळे गिअर फिरवा, चाकांना अडसर आणि ब्रेकवर पाय ठेवून. लाल ओघळ कुठून सुरू होतो, ते पांढऱ्यावर स्पष्ट दिसतं. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला बिंदू पकडा, कारण चालत्या गाडीत वारा तेल मागे ढकलतो. पेट्रोलने धुऊ नका, वर गरम सायलेन्सर असतो. प्रेशर वॉशरचा फवारा ब्रीदरच्या आसपास नेऊ नका, पाणी आत गेलं की तेल बिघडतं. गाडी भक्कम स्टँडवर असल्याशिवाय खाली शिरू नका, नुसत्या जॅकवर तर कधीच नाही.

चेंबरची पॅकिंग, गेजच्या नळीची ओ-रिंग, स्पीडोमीटर केबलची जागा, सिलेक्टर शाफ्ट, मागचं सील या सगळ्यांसाठी पावडर उत्तम. पावसाळ्यात मात्र ती निकामी आहे, जुलैच्या दमट हवेत तिचा चिखल होतो. रस्त्यावर नेली तर उडून जाते. आणि कन्व्हर्टरच्या हौजिंगच्या, म्हणजे त्याच्या बाहेरच्या कवचाच्या, आत ती पोहोचतच नाही.

डाय

जे पावडरीला जमत नाही ते डाय करते. गेजच्या नळीतून बाटलीवर दिलेल्या प्रमाणात ओता आणि गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवा. झिरो माइलहून वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन यावं, तेवढी फेरी पुरते. रात्री अंधारात पिवळा चष्मा लावून यूव्ही दिवा मारला की ओली रेघ हिरवट-पिवळी चमकते. दिवा ओळखीच्या कार-एसीवाल्याकडून मागता येतो. डाय मात्र त्याच्याकडची घेऊ नका. एसीची डाय वेगळी असते, ऑइलसाठीची मागा. आणि ती एकाच तेलात घाला. इंजिनमध्येही तीच घातली तर चमक कोणाची, हे कळणार नाही.

तिचं खरं मोल हौजिंगच्या खालच्या झाकणापाशी कळतं. झाकण काढून दिवा आत मारा, जमल्यास मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा घाला. कन्व्हर्टरची गिअरबॉक्सकडची बाजू चमकत असेल आणि हौजिंगच्या भिंतीवर तेलाचं गोल वलय उडालेलं असेल, तर पुढचं सील, पंपाची ओ-रिंग किंवा कन्व्हर्टर यांपैकी काहीतरी आहे. तो भाग कोरडा आणि इंजिनकडची बाजू न चमकणाऱ्या तेलाने ओली असेल, तर गळती इंजिनच्या मागच्या सीलची. १२३ मर्सिडीजमध्ये आणि बऱ्याच जुन्या अमेरिकन गाड्यांत कन्व्हर्टरला ड्रेन प्लगही असतो, आणि हौजिंग ओलं दिसायला तो सैल होणंही पुरतं. इंजिन हाताने फिरवून तो खाली आणा, वॉशर बदलून आवळा. इथेच कितीतरी गिअरबॉक्स वाचू शकतात.

डायची खोट अशी की आधी साफसफाई केली नसेल तर जुना मळसुद्धा डायचं तेल पिऊन सगळीकडे चमकतो. ही घाई महागात पडते.

मग निवड काय? महिनोन् महिने उभी राहणारी गाडी असेल तर पुठ्ठा आणि धीर. रोज वापरातली, हिवाळा किंवा कोरडा उन्हाळा, थेंब चेंबरच्या आसपास: पावडर. पावसाळ्यात, किंवा थेंब इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली पडत असेल तर थेट डाय. एकच गोष्ट विकत घ्यायची ऐपत किंवा इच्छा असेल तर मी डाय घेईन, कारण उतरवायचं की नाही या प्रश्नाचं उत्तर फक्त तीच देते. गळती थांबवणारी बाटली चौथा पर्याय म्हणून सुचवली जाईल. ती रबर फुगवते, कडक सीलला काही दिवस नरम करते, आणि तपासाच्या मध्ये घातली तर खूणच पुसते. तपास संपेपर्यंत ती नको.

मागचं सील निघालं तर ते प्रॉपेलर शाफ्ट सोडून गाडीखालीच बदलतं, पण शाफ्टचं टोक हाताने वर-खाली हलवून पाहा. आतला बुश झिजला असेल तर नवं सीलही लवकरच गळेल. डायने पुढच्या सीलवरच बोट ठेवलं, तर मात्र उतरवण्याला पर्याय नाही. अशा वेळी मिस्त्रीला काम देतानाच सांगा: सीलबरोबर पंपाची ओ-रिंग आणि बुशही बदलायचा, इंजिनचं मागचं सील त्याच फेरीत पाहायचं, आणि कन्व्हर्टरच्या नळकांड्यावर, जिथे सील घासतं, तिथे नखाला खाच लागते का ते तुमच्यासमोर दाखवायचं. खाच असेल तर तो भाग घासून गुळगुळीत करून घ्या किंवा कन्व्हर्टर बदला, मगच गिअरबॉक्स वर चढवू द्या.