रॅम्बो वाचायला आणला आणि घरात तीन पार्ट्या पडल्या

रॅम्बो म्हटलं की काय आठवतं, डोक्याला पट्टी, तेल चोपडलेले दंड आणि एका हातात पेलता येणार नाही एवढी मोठी मशीनगन. मलाही तेवढंच माहीत होतं. म्हणून फोर्टला फुटपाथवर डेव्हिड मॉरेलचं फर्स्ट ब्लड, म्हणजे रॅम्बोच्या पहिल्या सिनेमाची मूळ कादंबरी, दिसलं तेव्हा टाइमपास होईल म्हणून उचललं, जुनी कॉपी, पानं पिवळी पडलेली, मागच्या कव्हरवर कुणाचा तरी चहाचा डाग. दीडशे सांगितले, शंभरात दिलं. तेव्हा वाटलं नव्हतं की या शंभर रुपयांत महिनाभर घरात वाद चालेल.

आधी एक सांगतो, सिनेमा आला १९८२ ला, पुस्तक त्याच्या दहा वर्षं आधीचं, १९७२ चं, म्हणजे व्हिएतनाम युद्ध चालू असतानाचं. आणि लेखक काही बंदूकवाला माणूस नाही हां, कॅनडात जन्मलेला, अमेरिकेत शिकायला गेलेला, नंतर आयोवा युनिव्हर्सिटीत साहित्य शिकवणारा प्रोफेसर. रॅम्बो हे नाव पण म्हणे बायकोने आणलेल्या सफरचंदांच्या जातीवरून सुचलं, त्यात तो तेव्हा रँबो नावाच्या फ्रेंच कवीला वाचत होता. आपण गल्लीत एकमेकांना "जास्त रॅम्बो बनू नको" म्हणायचो ते म्हणजे सफरचंदाचं नाव घेत होतो!

गोष्ट साधी आहे. केंटकीतलं मॅडिसन नावाचं छोटं गाव, दाढी-केस वाढवलेला एक पोरगा, हाच आपला रॅम्बो, रस्त्याच्या कडेला उभा, गावचा पोलीस चीफ टीझल त्याला गाडीत घालून हद्दीबाहेर सोडतो, पोरगा परत येतो, हा पुन्हा सोडतो, तो पुन्हा येतो. मग आत टाकतात आणि तळघरातल्या कोठडीत जबरदस्तीने केस कापायला दाढी करायला घेतात, आणि व्हिएतनाममध्ये कैदेत राहून आलेल्या त्या पोराच्या डोक्यात काहीतरी सटकतं आणि वस्तरा त्याच्या हातात येतो. पुढचं लिहीत नाही, जेवताना वाचू नका एवढंच.

माझी बायको इथेच थांबली. पुस्तक टेबलावर उलटं ठेवून म्हणाली, "हे तू झोपायच्या आधी वाचतोस?" तिचं म्हणणं असं की लेखकाला रक्त दाखवायची हौस आहे. आणि हे म्हणणारी ती एकटी नाही, पुस्तक आलं तेव्हा टाइम मासिकाने त्याला कार्नोग्राफी म्हटलं होतं, पोर्नोग्राफीवरून पाडलेला शब्द, म्हणजे तिथे जे उघडं अंग करतं ते इथे फाटलेलं मांस करतं. शब्द भारी आहे, पण मला तो पटला नाही.

कारण सिनेमात काय आहे, अख्ख्या सिनेमात एक माणूस मरतो, तोही हेलिकॉप्टरमधून पडून, स्वतःच्या चुकीने. त्यामुळे रॅम्बो आपला हिरो राहतो, आपण टाळ्या वाजवायला मोकळे. पुस्तकात तो डोंगरात मागावर आलेल्या पोलिसांना एकेक करून टिपतो. त्यात ऑर्व्हल नावाचा म्हातारा आहे, टीझलला बापाच्या जागी असलेला, आपली कुत्री घेऊन मदतीला आलेला. तो मरतो तेव्हा आपण बरोबर टीझलच्या शेजारी पडलेलो असतो, आणि लगेच पुढच्या तुकड्यात रॅम्बोच्या डोक्यात, उपाशी, बरगड्या दुखतायत, आणि परत आपल्याला वाटायला लागतं की हा सुटला पाहिजे. लेखक एक तुकडा याचा एक तुकडा त्याचा असं करत नेतो. टाळी वाजवायला हात वर जातो आणि तिथेच अडकतो. ज्याला नुसतं रक्त विकायचं असेल तो एवढी मेहनत करेल का?

दुसरी पार्टी म्हणजे आमचे मामा. सातारचे, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, इंग्रजी हळू वाचतात पण चिकाटीने वाचतात. मला वाटलं ते रॅम्बोच्या बाजूने असणार. तर नाही! म्हणाले, "अरे, तो टीझल पण सोल्जर आहे की. कोरियात लढलाय, चोसिनच्या लढाईत. त्याला पण मोठं मेडल आहे, पोराला पण आहे. दोघं एकदा चहाला बसले असते तर विषय संपला असता." मी म्हटलं मामा, मग कादंबरी बारा पानांत संपली असती. तर म्हणाले, "संपू दे की, तेवढी माणसं वाचली असती."

मामांचा राग ट्राउटमनवर आहे. सिनेमात तो रॅम्बोला पोटच्या पोरासारखं समजावतो ना, पुस्तकात तसं काही नाही, रॅम्बोला फौजेत जिथे तयार केलं त्या ट्रेनिंग स्कूलचा तो साहेब, पोराला नीट ओळखतही नाही, पण आपल्या शाळेचा माल किती पक्का निघाला याचा थोडा अभिमान मात्र आहे. त्याचं पहिलं नाव सॅम ठेवलंय ते अंकल सॅमवरून, म्हणजे अमेरिकन सरकारच्या टोपणनावावरून. मामा म्हणाले असले साहेब मी पाहिलेत, आणि उठून गच्चीवर गेले.

तिसरी पार्टी भाचा, बारावीतला. त्याला बोअर झालं. त्याचं म्हणणं शेवटचा भाग ताणलाय, आणि इथे मी त्याच्या बाजूने आहे. टीझलला अचानक न बघता कळायला लागतं की रॅम्बो कुठे आहे, काय करतोय, हे अंगात आल्यासारखं प्रकरण मला झेपलं नाही. इतका वेळ भूक, थंडी, सुजलेले पाय असं सगळं खरंखुरं चालू असताना एकदम हे काय? शिवाय ट्रकमध्ये वायरलेसजवळ बसून बोलण्याची पानंच्या पानं आहेत. बायका तर पुस्तकात जवळजवळ नाहीतच, टीझलची बायको सोडून गेलीये ती फोनपुरती. वटवाघळांच्या गुहेचा भाग मात्र भाच्याने दोनदा वाचला, तो खरंच जबरदस्त आहे, अंधारात पायाखाली काय आहे ते कळत नाही आणि वास आधी येतो. मी तो लोकलमध्ये वाचला आणि दादरला उतरायचं विसरलो.

शेवट सांगतोय, नको असेल तर हा पॅरा सोडा. रॅम्बो मरतो. हो, मरतो, आणि मारतो ट्राउटमन. सिनेमावाल्यांनी त्याला जिवंत ठेवला म्हणून पुढचे सगळे भाग निघाले, आणि गंमत म्हणजे दुसऱ्या सिनेमावरची कादंबरी मॉरेलनेच लिहिली आणि त्यात आधी सांगून टाकलं की बाबांनो माझ्या पुस्तकात हा मेलाय, सिनेमात जिवंत आहे. भाचा म्हणाला ही चीटिंग आहे. बायकोला शेवट मी तोंडी सांगितला तर म्हणाली, "मग ठीक आहे, देऊन टाक, वाचते." वस्तऱ्याचं पान मी स्टेपल करून दिलंय.

मामांनी शेवटची दहा पानं वाचलीच नाहीत. पुस्तक परत देताना बसच्या तिकिटाची खूण तशीच आत होती, दोघंही अजून जिवंत आहेत त्या पानावर.