गाईड शिबिर, तीन दिवस, ८०० रुपये: बटाटा कच्चा, बाकी पास

मी वाईत पोळीभाजी केंद्र चालवते. रोज दीडशे-दोनशे पोळ्या हातावेगळ्या होतात, त्यामुळे कुठल्याही शिबिराची परीक्षा मी चुलीपाशी घेते, हे आधीच सांगून टाकते.

मुलगी सातवीत. तिच्या शाळेच्या गाईड पथकाचं (स्काऊटसारखंच, पण मुलींचं) निवासी शिबिर डिसेंबरात कृष्णेकाठच्या एका मळ्यात झालं. जेवणासकट ८०० रुपये. गेल्या उन्हाळ्यात हिलाच आम्ही ४००० मोजून एका खाजगी ॲडव्हेंचर कॅम्पला पाठवलं होतं. झिपलाइन, बोटिंग, रात्री डीजे. पट्टे बांधायला दादा, सोडायला दादा, जेवायला बुफे. मजा आली म्हणाली, आणि ओला टॉवेल बॅगेत कुजवून घेऊन आली.

इथं पोचल्या पोचल्या हातात तंबू, खुंट्या आणि दोर. सहा-आठ जणींचा एक संघ. मुलींच्या संघांना फुलांची नावं असतात, मुलांच्या संघांना पशुपक्ष्यांची. आमची लेक मोगरा संघात. संघनायिका नववीतली एक पोरगी, आणि मॅडम मुद्दाम लांब उभ्या. तंबू पहिल्यांदा कुशीवर कलला, तर सरळ करायला कुणी धावलं नाही. यांनीच खुंट्या उपटून परत ठोकल्या. रात्री दव पडलं की सुती दोर आखडतो आणि खुंटी वर येते, म्हणून झोपण्याआधी ताण जरा सैल करायचा. ते काम हिच्याकडे होतं. घरी पाण्याची बाटली भरायला तीन हाका लागतात. तिथं थंडीत बॅटरी घेऊन चारही कोपरे बघून आली, कारण आत बाकीच्या झोपल्या होत्या.

शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. बिनभांड्याचा स्वयंपाक. मी तासभर आधीच जाऊन बसले, कमरेवर हात ठेवून. कणीक केळीच्या पानावर मळली होती आणि पहिल्या फटक्यात फार सैल झाली. सोललेल्या ओल्या काठीला तिची वळकटी गुंडाळून निखाऱ्यावर धरायची असते. ती घसरून थेट राखेत. माझी जीभ वळवळत होती, पण मॅडमनी डोळ्यांनीच गप्प बसवलं. एकीनं अजून पीठ घातलं, दुसरीनं काठी खरखरीत करून घेतली, आणि तिसऱ्या खेपेला भाकरीसारखा वास सुटला. काठी तोडतानाच सांगितलं होतं, कण्हेरीच्या जवळ जायचं नाही, ती विषारी. कांदा अर्धा कापून आतल्या पाकळ्या काढल्या, त्या वाटीत अंडं फोडलं आणि वाटी निखाऱ्यावर ठेवली. अंडं छान शिजलं, कांद्याचा खरपूसपणा फुकट. बटाट्यांना चिखल थापून विस्तवात पुरलं होतं. मोठाले बटाटे, वेळ कमी. आत कचकचीत. सगळ्यांनी मीठ लावून खाल्ले आणि कुणी तोंड वाकडं केलं नाही, याचं मला घरच्या अनुभवावरून नवल वाटलं.

गाठींचा फायदा मला लगेच झाला. खुंटा गाठ येते म्हणून केंद्रापुढची ताडपत्री हिनं खांबाला बांधून दिली, वाऱ्यात हलत नाही. जखमेच्या पट्टीला सपाट गाठ मारायची, कारण ती टोचत नाही, हे माझं बोट कापलं तेव्हा मला ऐकवण्यात आलं.

शेकोटीपाशी सांगितलेली एक गोष्ट तिनं घरी चार वेळा सांगितली. स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं ते मुलग्यांचं. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मेळावा भरला, तिथं काही मुली न बोलावता जाऊन उभ्या राहिल्या: आम्हालाही घ्या! दुसऱ्या वर्षी गाईड्स सुरू झाल्या. न बोलावता गेल्या, हे तिला भलतंच पटलंय. मला जरा काळजीच आहे.

आता तक्रारी. चाळीसेक मुलींना तीन न्हाण्या, सकाळी सहाला रांग आणि गार पाणी. उद्घाटनाची भाषणं दीड तास; तेवढ्यात दोन गाठी शिकवून झाल्या असत्या. लॉगबुक, म्हणजे शिबिराची नोंदवही, हा प्रकार तर पालकांच्या हस्ताक्षराची स्पर्धा झालाय, निम्मी चित्रं आयांनी काढलेली दिसतात. आणि पालकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न काय, तर दहावीला मार्क मिळतात का. अहो, पोरीनं काल स्वतःचे बूट पुसले, ते बघा ना.

वाटखुणांचा खेळही झाला. फुली म्हणजे इकडून जायचं नाही, वर्तुळात टिंब म्हणजे मी घरी गेले. केनियात न्येरीला बेडन-पॉवेल यांच्या थडग्यावर हीच खूण कोरलेली आहे. आता संध्याकाळी केंद्रातून निघताना लेक पोळपाटाशेजारच्या पिठात बोटानं ती खूण काढून जाते. फोन करत नाही.

पाचपैकी चार तारे. द्वितीय सोपानाच्या, म्हणजे गाईडच्या पुढच्या पायरीच्या, शिबिराचे पैसे भरून आले, आणि फॉर्मच्या मागे लिहून दिलंय: बटाटे लहान घ्या.