पुणे की संभाजीनगर? गेवराईकडून निघणाऱ्यांसाठी

गाव सोडायचं की नाही, हा प्रश्न आमच्याकडे, बीडमधल्या गेवराईत, आता फारसा कुणाला पडत नाही. तीन एकर कोरडवाहू, त्यात दोन भाऊ, वर २०१७ला बोंडअळीनं कापसाची केलेली गत. मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला कोयत्यावर जायचं नसेल तर शहर गाठावंच लागतं. २०११च्या जनगणनेत राज्यातली शंभरातली ४५ माणसं शहरात होती, बीड जिल्ह्यातली जेमतेम २०. म्हणजे आमचं शहर बहुतेक जिल्ह्याबाहेरच. उरतं ते एवढंच, पुणे की संभाजीनगर. मी पुण्याकडं भोसरीत पाच वर्षं काढली, आता संभाजीनगरला गारखेड्यात राहून वाळूजच्या एमआयडीसीत कामाला जातो.

कामात पुण्याला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. ठेकेदारानं ब्रेक दिला, म्हणजे कामावरून थांबवलं, तरी भोसरीत आठवड्यात दुसऱ्या गेटवर लागता येतं. वाळूजला मी एकदा दोन महिने घरी बसलोय. बायकोलाही कमवायचं असेल तर पुणंच बरं, पॅकिंगपासून पोळ्या लाटण्यापर्यंत काहीतरी मिळतंच. लग्न व्हायचं असेल तर बोलायलाच नको. ‘मुलगा पुण्याला असतो’ एवढ्यावर स्थळं येतात. संभाजीनगर म्हटलं की मुलीकडचे विचारतात, “पर्मनंट आहे का?”

संभाजीनगरजवळ बिडकीनला टोयोटा-किर्लोस्करचा कारखाना येणार म्हणून २०२४ला करार झाला, तेव्हापासून इकडची पोरं खूश आहेत. चांगलंच आहे. पण करारावर घरभाडं भागत नाही, म्हणून मी ते हिशेबात धरत नाही.

संभाजीनगरची खोट म्हणजे पाणी. जायकवाडीसारखं धरण पैठणला, हाकेच्या अंतरावर म्हणा ना, आणि नळ मात्र कित्येक दिवसांनी येतो. तोही कधी रात्री दोनला. मग मोटर लावा, निळे ड्रम भरा, कळशा भरा, शेवटी चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवा. बायको म्हणते, गावाकडं हापशावर निदान झोपमोड तरी होत नव्हती. तिचं खोटं नाही.

तरी मी इकडे आलो, कारण वाघोली.

हसू नका. गेवराई पुण्याहून अडीचशे किलोमीटर, ठीक आहे, सहा-साडेसहा तासांची गोष्ट. पण वाकडेवाडीतून एसटी निघाली की खरा प्रवास नगर रस्त्यावरच्या वाघोलीनंतर सुरू होतो, आणि गाड्यांच्या कोंडीत वाघोली कधी संपेल ते ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी तर शिक्रापूर दिसेपर्यंत फुटाण्यांची पुडी संपते, मोबाइलही मान टाकतो.

माझे चुलते वारले तेव्हा पहाटे फोन आला. साडेसातची गाडी मिळाली. माती दोन वाजता ठरली होती, म्हणजे पोहोचायला हवं होतं. पहिला फोन आला, “कुठवर आलास?” म्हटलं, वाघोलीत. तासाभरानं दुसरा. अजून वाघोलीतच, पुढं ट्रक आडवा झाला होता. तिसऱ्या फोनवर भाऊ म्हणाला, “आता सावकाश ये.” राख सावडायला तेवढा होतो.

कुणी म्हणेल, एका दिवसावरून शहर ठरवतात का. माझं चुकतही असेल. पण आमच्यासारख्यांचं अर्धं बिऱ्हाड गावातच असतं. आईच्या शुगरच्या गोळ्या, सोसायटीचं कर्ज, भावकीतली लग्नं. पुण्यात असताना वर्षाला चार चकरा व्हायच्या आणि बटईदार फोनवर सांगेल तेवढाच कापूस निघायचा. आता शनिवारी पहिली पाळी सुटली की दिवस मावळेस्तोवर गेवराईजवळचा शहागडचा पूल ओलांडलेला असतो. मालक रविवारी बांधावर येतो हे बटईदाराला कळल्यापासून वेचणीचा हिशेबही सुधारलाय.

एकटे असाल, आई-वडील धडधाकट असतील, तर खुशाल पुण्याला जा, चार पैसे जास्त मिळतील. मागं कुणी वाट बघणारं असेल तर मला विचाराल तर संभाजीनगर. फक्त खोली बघायला गेलात की भाडं नंतर काढा, आधी टाकी किती लिटरची आहे ते विचारा.