ओव्हनचं दार कुणालाही घरातून बाहेर नेऊ देऊ नका

7,849 रुपये. आकडा आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी "किती गेले गं?" विचारायला नको.

बिल्ट-इन ओव्हनच्या दाराच्या दोन काचांमध्ये तेलाचे ओघळ गेलेले आणि दार एका बाजूने नीट लागत नव्हतं. दिवाळी तोंडावर, नानकटाईच्या ऑर्डरी घेतलेल्या, त्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, म्हणून कंपनीचं नाव टाकून सर्च केलं आणि सगळ्यात वर आलेला कस्टमर केअरचा नंबर लावला. त्या गडबडीत वॉरंटी कार्ड कोण शोधत बसतं?

अर्ध्या तासात माणूस हजर, लोगोवाला टीशर्ट, गळ्यात आयकार्ड. मी मॉडेल नंबर सांगायला लागले तर म्हणे, "लागत नाही मॅडम, सगळे सेमच असतात." इथेच, अगदी इथेच मनात पाल चुकचुकायला हवी होती! दार उघडलं की फ्रेमवर मॉडेल आणि सिरीयल नंबरची पट्टी असते, त्याशिवाय पार्ट मागवणार कसा? यानं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

दार काढून म्हणाला हिंज, म्हणजे दाराच्या बिजागऱ्या, गेलेत, रबर गेलंय, काचेला केमिकल वॉश लागेल, वर्कशॉपला न्यावं लागेल. व्हिजिटचे 499, अॅडव्हान्स 4,500, यूपीआयनं. दार चादरीत गुंडाळून नेलं आणि फोन बंद. ऑर्डरी गेल्या. मग एक दिवस फोन, अजून 2,850 द्या तरच दार मिळेल. दिले! दाराशिवाय ओव्हन काय चाटायचाय?

नंतर खऱ्या कंपनीचा माणूस आला, त्यानं दाखवलं, हिंज जुनेच, वरून ग्रीस चोपडलेलं, आणि आतली काच उलटी बसवलेली, तिच्यावरची अक्षरं उलटी दिसत होती.

चौकीत म्हणे "दार मिळालं ना परत, मग फसवणूक कसली?" सायबरला जा. सायबरवाले म्हणे माणूस घरी आलेला, हे ऑनलाइन नाही, चौकीतच जा. बँक म्हणे पिन तुम्हीच टाकलात. कंपनी म्हणे आमचा माणूसच नव्हता. अरे नंबर आहे, यूपीआय आयडी आहे, सोसायटीच्या गेटवर सीसीटीव्ही आहे, अजून काय चोराला हाताला धरून आणून देऊ? वर प्रत्येकाचं ठरलेलं वाक्य, "मॅडम, शिकलेल्या दिसता तुम्ही."

पैसे गेले की लाजत बसू नका, लगेच 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा. आणि बऱ्याच ओव्हनचं दार घरी निघतं हो, ओव्हन गार असताना दार पूर्ण उघडा, दोन्ही हिंजचे खटके फिरवा, दार अर्धवट लावून दोन्ही हातांनी वर उचला. मॅन्युअल बघून मगच, आणि दार निघाल्यावर हिंजला हात नको, स्प्रिंग बोट चिरडते. काचेला तारेची घासणी तर अजिबातच नको.

ग्राहक आयोगात जा म्हणतात सगळे. कुणाविरुद्ध जाऊ? बिलावर पत्ता नाही, आणि जीएसटी नंबर मोजला तर 12 अक्षरी, खरा 15 चा असतो.