इंडी सिनेमा की स्टुडिओचा बिग बजेट, पैसा नक्की कुठे सुटतो?

मोठा स्टुडिओ म्हणजे नुसता नफा आणि छोटा इंडी सिनेमा (म्हणजे मोठ्या स्टुडिओशिवाय स्वतंत्रपणे बनवलेला) म्हणजे हौस, असं वाटतं खरं, पण हिशोब एवढा सरळ नाहीये. समजा बजेट २० कोटी डॉलर, त्यात पब्लिसिटी धरलेलीच नसते, ती वेगळी, वर तिकिटातला साधारण निम्मा पैसा थिएटरवाल्यांकडेच राहतो, म्हणजे ४० कोटींचा गल्ला झाला तरी सिनेमा लॉसमध्ये असू शकतो. २०१२ मध्ये 'जॉन कार्टर' या सिनेमापायी डिस्नेला २० कोटी डॉलरच्या आसपास फटका बसला! पण डिस्ने बुडाली का? छे, त्याच वर्षी 'द ॲव्हेंजर्स'ने दीडशे कोटी डॉलरचा गल्ला केला, शिवाय खेळणी, थीम पार्क, सीक्वेल आहेतच.

इंडीवाल्याकडे पडलेला सिनेमा सावरायला दुसरा सिनेमाच नसतो. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' साधारण १५ हजार डॉलरमध्ये शूट झाला आणि जगभरात १९ कोटींच्या वर गेला, हे उदाहरण सगळे तोंडावर फेकतात, पण तो थिएटरात आणला पॅरामाउंटने, पब्लिसिटीचा पैसाही मोठ्या स्टुडिओचाच, हे कोणी सांगत नाही. बाकीच्यांना थिएटरच मिळत नाही. फेस्टिव्हलला डिस्ट्रिब्युटर भेटलाच तर आधी त्याचं कमिशन, मग त्याने केलेला खर्च, मग इन्व्हेस्टर, आणि उरलंसुरलं काही असेल तर बनवणाऱ्याला (बहुतेक वेळा नसतंच). तरी फायनल कट, म्हणजे सिनेमा शेवटी कसा दिसणार हे ठरवायचा हक्क, स्वतःच्या हातात राहतो म्हणून लोक करतात. माझे पैसे असते तर मी इंडीतच घातले असते, पण ते गेले असं धरूनच.